मूल पाहणारे डोळे : बोर्डी–कोसबाड ते अंगणवाडी

दलितांच्या शिक्षणाचा इतिहास आपण नेहमी शाळेच्या दारापासून लिहायला घेतो. १८४८ सालची भिडेवाड्यातील शाळा, त्यानंतर महार-मांगांच्या मुलांसाठी जोतीरावांनी काढलेल्या शाळा, १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आलेला मुक्ता साळवेचा निबंध, साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेले भीमराव, आणि पुढे १९४५ साली स्थापन झालेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी. हा इतिहास आपल्या अभिमानाचा आहे, आणि तो पुनःपुन्हा सांगितलाही पाहिजे. पण त्याला एक वयोमर्यादा आहे. शाळेचे दार सहाव्या वर्षी उघडते. त्याआधीची पाच-सहा वर्षे आपले मूल कोठे असते, कोणाच्या कडेवर असते, त्याच्याकडे कोण आणि कशा नजरेने पाहते, ते काय शिकते आणि त्याला काय शिकवावे हे कोण ठरवते, याची नोंद आपल्या इतिहासात जवळजवळ नाही. आत्मकथनांत आहे, इतिहासात नाही.

वास्तविक, मूल पहिल्यांदा शाळेत पाऊल टाकते तेव्हा त्याच्याविषयीचे बरेच निर्णय अगोदरच होऊन गेलेले असतात. ‘हुशार’, ‘मंद’, ‘गबाळे’, ‘बोलत नाही’ हे शिक्के पहिलीच्या पहिल्या महिन्यात बसतात आणि दहावीपर्यंत पुसले जात नाहीत. ज्यांच्या घरी पुस्तके, पाटी, गोष्टी सांगणारी आजी आणि हाताशी वेळ असलेली आई असते त्यांची मुले शाळेत शाळेसाठी तयार होऊन येतात. ही तयारी बुद्धी म्हणून मोजली जाते, आणि मग गुणवत्तेच्या गप्पा सुरू होतात. म्हणून शाळेआधीच्या वर्षांचा इतिहास हा आपल्या दृष्टीने बालसंगोपनाचा हौशी विषय नव्हे. गुणवत्ता नावाची गोष्ट कोठे घडवली जाते, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

गावकुसाबाहेरच्या वस्तीत मूल आईने सांभाळले, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. आईला ते परवडतच नव्हते. ती खुरपणीला, बिगारीला, खडी फोडायला. तान्हे मूल बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत, नाहीतर घरी म्हाताऱ्या आजीपाशी, आणि आजी नसेल तर सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर. आपल्या समाजातील मूल सांभाळणारी पहिली बाई ही बाई नव्हतीच, ती परकर नेसलेली पोर होती. माझ्याच घरचे सांगायचे तर, माझी थोरली बहीण तिसरीतून शाळेबाहेर पडली ती मला सांभाळायला. घरातला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा तिला व्यासपीठावर बोलवावे असे कोणाला सुचले नाही. मी कोणत्या रडण्याला भुकेला असतो आणि कोणत्या रडण्याला झोपेला आलेला असतो, मला कोणता आवाज ऐकून भीती वाटते, मातीत किती वेळ सोडले म्हणजे मी स्वतःशीच रमतो, हे सारे तिला ठाऊक होते. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात यालाच निरीक्षण म्हणतात. तिच्या बाबतीत त्याला ‘पोर संभाळणे’ म्हटले गेले आणि त्यापायी तिचे नाव हजेरीपटावरून गेले.

पाहण्याचेही प्रकार असतात, आणि अस्पृश्य मुलाकडे पाहिले गेले नाही असे मुळीच नाही. त्याच्याकडे फार बारकाईने पाहिले गेले. तो कोठे बसतो, कशाला हात लावतो, त्याची सावली कोठे पडते, तो पाणी कसे पितो. शिपाई नसेल तर पाणी नाही, हे बाबासाहेबांनी आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे. म्हणजे एका मुलाच्या तहानेवरसुद्धा शाळेची नजर होती, पण तहान भागवण्यासाठी नव्हती. ही पहाऱ्याची नजर. ती मुलाचा दोष शोधते, आणि दोष सापडला की तिचे काम संपते. दुसरी नजर मूल काय करते आहे ते पाहते, आणि त्यावरून स्वतः उद्या काय करायचे ते ठरवते. बालशिक्षणाचा जो काही नवा विचार विसाव्या शतकात जगात आला, त्याचा सगळा अर्थ या दुसऱ्या नजरेत आहे.

जोतीरावांना हे आधीच उमगले होते, असे मला वाटते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत असा आग्रह धरला. कारण असे शिक्षक लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. सोवळ्यात राहणाऱ्या शिक्षकाला ते जमणार नाही. याकडे आपण नोकऱ्यांतील प्रतिनिधित्वाची मागणी म्हणून पाहतो, आणि ती तशी होतीही. पण तीत शिक्षणशास्त्राचाही एक सिद्धान्त आहे. जो मुलाच्या अंगणात बसू शकत नाही, त्याला मूल दिसत नाही.

या सिद्धान्ताचा दुसरा पुरावा आपल्या देशाबाहेरचा आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या मजूरवस्तीत मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी आपले पहिले ‘बालगृह’ उघडले. आज आपल्याकडे मॉन्टेसरी म्हटले की उंची फी, टापटीप गणवेश आणि इंग्रजी कविता डोळ्यांसमोर येतात. म्हणून हे मुद्दाम सांगितले पाहिजे की त्याची सुरुवात चाळीत झाली. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिन्यातून धुडगूस घालीत, भिंती खराब करीत. इमारतीच्या मालक-संस्थेला दुरुस्तीचा खर्च वाचवायचा होता, म्हणून पोरांना दिवसभर एका खोलीत कोणीतरी सांभाळावे अशी सोय झाली. म्हणजे मूळ प्रेरणा कसलीही उदात्त नव्हती, आणि मूळ काम पोरे सांभाळण्याचेच होते. सांभाळायला जी बाई मिळाली तीही शिकलेली शिक्षिका नव्हती; त्याच इमारतीच्या रखवालदाराची मुलगी होती असे सांगतात. मॉन्टेसरींनी तिला शिकवायला सांगितले नाही. पाहायला सांगितले. एक तीन वर्षांची मुलगी लहानमोठे लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. भोवती गाणी झाली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम थांबले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले. पहाऱ्याच्या नजरेला यात काहीच दिसले नसते, किंवा हट्ट दिसला असता. मॉन्टेसरींना त्यात एकाग्रता दिसली, आणि मूल स्वतःच्या गरजेने शिकते, मोठ्यांनी त्या गरजेला पुरेसे साहित्य आणि वेळ द्यावा, हे सूत्र त्यातून निघाले.

त्या बालगृहाच्या नियमांत एक नियम असा होता की मुलांना सांभाळणाऱ्या बाईने त्याच इमारतीत राहावे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. पण त्याच नियमावलीत आणखी एक नियम होता : जी मुले अंघोळ न करता, मळक्या कपड्यांत येतील त्यांना काढून टाकले जाईल. इमारतीत नळ असलेल्या रोमच्या मजुराला हा नियम कदाचित पाळता आला असेल. आपल्या वस्तीच्या संदर्भात या दुसऱ्या नियमाचा अर्थ काय होतो, ते पुढे पाहू.

मॉन्टेसरींचा विचार हिंदुस्थानात आला तो गुजरातमार्गे. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर उघडले. १९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक तेथे गेल्या. १८९२ साली प्रार्थनासमाजी घरात जन्मलेल्या, १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या या बाई. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली, आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. येथपर्यंतचा हा सगळा इतिहास पांढरपेशांचा आहे. दादरच्या मध्यमवर्गाला आपले मूल नव्या पद्धतीने वाढवायचे होते आणि त्यासाठी त्याच्याजवळ पैसा होता. मजुराच्या चाळीतून निघालेली पद्धत पंचवीस-तीस वर्षांत कारकुनांच्या आणि डॉक्टरांच्या मुलांची झाली होती. येथेच ताराबाई थांबल्या असत्या तर त्यांच्यावर या अंकात लिहिण्याचे मला कारण नव्हते.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या दादर सोडून ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावी गेल्या (आज हे गाव पालघर जिल्ह्यात येते). त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या. १९४५ हे साल नीट ध्यानात घ्यावे. याच वर्षी याच टापूत, तलासरी-उंबरगावकडे, वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि लग्नगड्याच्या गुलामीविरुद्ध लाल झेंड्याखाली उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो नोंदलेला आहे. ज्या वारली माणसाने जमीनदारासमोर ताठ उभे राहायला त्या वर्षी सुरुवात केली, त्याच माणसाच्या मुलाला अंगणात बसवून गोष्ट सांगायला दोन बाया निघाल्या होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता, तो ओढूनताणून जोडण्यातही अर्थ नाही. पण भूमी एकच होती. बालशिक्षणाच्या इतिहासकारांनी वेठीचे नाव घेऊ नये आणि चळवळीच्या इतिहासकारांनी बालवाडीचे नाव घेऊ नये, ही आपल्याकडील विद्वत्तेची वाटणी मात्र मला नेहमी खटकत आली आहे.

बोर्डीत गावात बालवाडी सुरू झाली. मुले आली, पण ती गावातली. हरिजनवाड्यातली (हा शब्द त्या काळच्या कागदपत्रांतला, आपला नव्हे) आणि आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. पहाऱ्याच्या नजरेने याचे उत्तर तयारच असते : ‘यांना शिक्षणाची आवड नाही.’ शासकीय अहवालांतून हे वाक्य अद्याप गेलेले नाही. ताराबाईंनी उत्तर न देता जाऊन पाहिले. पाहिल्यावर जे दिसले ते साधे होते. सकाळी अकराला ठरावीक ठिकाणी हजर होणे ही गोष्ट ज्या घरात आईबाप पहाटेच कामावर जातात त्या घरात होऊच शकत नाही. तीन वर्षांच्या मुलाला शाळेत सोडायला आठ वर्षांचीच बहीण असते. परक्या माणसांच्या गावात पोर एकटे पाठवायला वाडा धजत नाही, आणि का धजत नाही हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. मग बालवाडीच वाड्यात नेली. मुले जेव्हा जमतील तेव्हा, जेथे जमतील तेथे, त्यांच्याच अंगणात. मुलांचे खेळणे थांबवायचे नाही. त्या खेळातच शिरायचे. या फिरत्या बालवाडीला अंगणवाडी हे नाव पडले. आज देशभर जे नाव सरकारी पाटीवर दिसते त्याचा जन्म वाड्याच्या आणि पाड्याच्या अंगणात झाला. तो उपकार म्हणून झाला नाही, गावातली बालवाडी आपल्या मुलांच्या बाबतीत फसली म्हणून झाला, हे आपण विसरता कामा नये.

अंगणात गेल्यावर साहित्याचा प्रश्न आला. मॉन्टेसरींचे लाकडी साहित्य महाग. ते पाड्यावर कोण नेणार? पण मुले काय करतात हे पाहिले तर साहित्य आधीच तेथे होते. शिंपले, खडे, चिंचोके, बिया, पाने, फुले, माती, काड्या. मूल हातात दहा खडे घेऊन बसते तेव्हा ते नुसते खडे घेऊन बसलेले नसते. थोडा वेळ पाहत राहा. ते मोठे बाजूला काढते, गुळगुळीत बाजूला काढते, मग पांढरे. हे वर्गीकरण आहे. आता जी बाई मुलाला पाहते आहे तिच्यापुढे दुसऱ्या दिवसाचे काम उभे राहते : उद्या खड्यांबरोबर बिया ठेवायच्या, परवा पाच प्रकारची पाने, त्यानंतर डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने ओळखायला लावायचे. नियोजन म्हणतात ते हेच. ते कचेरीतून येत नाही. काल संध्याकाळी बाईच्या लक्षात जे राहिले त्यातून येते. राने तुडवणारे मूल पन्नास झाडे ओळखते, शेळ्या वळणाऱ्या घरातले मूल कळपात कोणती शेळी नाही हे न मोजता सांगते. त्याला ‘एक-दोन-तीन’ येत नाही म्हणून त्याला गणित येत नाही असे ज्याला वाटते, त्याने कळप कधी पाहिलेला नसतो. कोसबाडच्या बायांनी तो पाहिला होता.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे जे प्रयोग झाले त्यांपैकी दोन मला आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाटतात. पहिला विकासवाडीचा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. यामागचे पाहणे किती नेमके होते ते बघा. प्राथमिक शाळेत मुली का गळतात? कारण त्यांच्या कडेवर भावंड आहे. मग भावंडासकट मुलीला येऊ द्या. तान्हे पाळणाघरात, तीन वर्षांचे बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. पोर संभाळणाऱ्या पोरीला या देशाच्या शिक्षणव्यवस्थेने प्रथमच विद्यार्थिनी म्हणून पाहिले ते येथे. दुसरा प्रयोग कुरणशाळेचा : गुरे वळणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली शिकताहेत. मूल शाळेत येत नाही हा मुलाचा गुन्हा न मानता शाळेचा मानला की असे उपाय सुचतात. आवणीच्या दिवसांत, गवतकापणीच्या दिवसांत पाडा ओस पडतो. ज्या वेळापत्रकाला हे ठाऊक नाही ते वेळापत्रक मुलांसाठी केलेलेच नसते.

हे सारे मोकळ्या मनाने मान्य करून काही प्रश्न मात्र विचारलेच पाहिजेत. बालवाडीच्या कार्यक्रमात स्वच्छतेला मोठे स्थान होते. हात-पाय धुणे, केस विंचरणे, नखे काढणे येथून दिवस सुरू होई. मळके मूल आले तर त्याला हाकलून द्यायचे नाही, आपणच त्याला धुवायचे, येथे बोर्डीने रोमच्या नियमावर मोठी मात केली, यात शंका नाही. वरच्या जातीच्या बाईने अस्पृश्य पोराचे शेंबूड पुसणे ही १९४५ साली साधी गोष्ट नव्हती. पण ‘स्वच्छता’ हा शब्द आपल्या कानाला वेगळा ऐकू येतो. निरीक्षणाच्या वहीत ‘मूल अस्वच्छ’ अशी नोंद होते, तेव्हा त्या नोंदीमागे एक विहीर असते, आणि त्या विहिरीवर मुलाच्या आईला घागर बुडवू दिली जात नाही, ही नोंद त्या रकान्यात बसत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जे घडले ते जणू त्या रकान्यात न बसणारी नोंद माणसांनी स्वतः पाण्यात उतरून केली असे होते. मुलाला धुणारा हात प्रेमळ होता. पण धुण्यासाठी पाणी कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न बालशिक्षणाने आपला मानला नाही. संस्कार हा शब्दही तसाच. वाड्यातल्या मुलाला संस्कार द्यायचे असे म्हणताना, त्याच्या घरी जलशाचे सूर आहेत, आजीच्या ओव्या आहेत, बापाच्या तोंडी सभेतल्या भाषणाचे तुकडे आहेत, म्हणजे त्याचे घर रिकामे नाही, याचे भान थोड्यांनाच होते. अनुताईंच्या लिखाणात ते भान अधिक जाणवते, कदाचित त्या अधिक काळ टेकडीवर राहिल्या म्हणून. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत तेथेच होत्या.

अंगणवाडी हे नाव शासनाने उचलले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी म्हटले गेले. सहा सेवा ठरल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आरोग्य व आहाराचे शिक्षण, आणि शाळापूर्व अनौपचारिक शिक्षण. ज्या एका गोष्टीसाठी अंगणवाडी जन्माला आली ती आता सहांतील एक झाली, आणि व्यवहारात बहुधा शेवटची. आहार नको असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली. ही ठिकाणे कोसबाडच्याच जिल्ह्यातली. उपाशी मुलापुढे खडे-चिंचोके मांडण्यात काही अर्थ नाही. पण वजनाचा काटा आला आणि बाईची वही गेली, हेही खरे आहे. मूल हिरव्या पट्ट्यात आहे की लाल, हे तक्ता सांगतो. ते आज पहिल्यांदा दुसऱ्या मुलाशी बोलले, की रोज दाराकडे तोंड करून बसते, हे तक्ता सांगत नाही, आणि ते लिहायला रकानाही नाही. २०२१ पासून या नोंदी मोबाईलवर जाऊ लागल्या. रकाने वाढले. डोळे तेवढेच राहिले.

आणि हे डोळे कोणाचे? येथे इतिहासाने एक वळण घेतले आहे, ज्याची पुरेशी दखल आपण घेतलेली नाही. जोतीरावांनी १८८२ साली जे मागितले, रोमच्या नियमावलीत जे लिहिले होते, की मुलाला पाहणारी व्यक्ती त्याच वस्तीतली असावी, ते अंगणवाडीने प्रथमच मोठ्या प्रमाणावर घडवले. सेविका आणि मदतनीस गावच्या, पुष्कळदा वाड्याच्या, पाड्याच्या. थोडेबहुत शिकलेल्या, पुष्कळदा परित्यक्ता, विधवा. पोर संभाळण्यासाठी जिचे नाव हजेरीपटावरून गेले, तीच पोर मोठी होऊन मुलांचा हजेरीपट लिहू लागली. पण शासनाने तिला नोकर मानले नाही. ती ‘मानसेवी’, तिला वेतन नाही, मानधन. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंगणवाडी सेविका शासकीय पदावर नाहीत. त्यांना उपदानाचा हक्क आहे हे त्याच न्यायालयाने म्हणायला २०२२ साल उजाडावे लागले. महाराष्ट्रातील सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत संपावर बसल्या होत्या. मूल सांभाळणे हे बाईच्या हाडीमासी असते, त्याला कौशल्य लागत नाही, म्हणून त्याला पगार लागत नाही, हा त्यामागचा तर्क. सफाईचे काम अमुक जातीच्या रक्तातच असते असे म्हणणाऱ्या तर्काचा हा सख्खा भाऊ आहे.

पाळणाघराच्या बाबतीत बाबासाहेबांची भूमिका या तर्काच्या अगदी उलट होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूति-लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना (१९४२–४६) खाणीत काम करणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघराची जबाबदारी खाणमालकांवर टाकणारी दुरुस्ती आणली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आली. म्हणजे कामगार बाईचे मूल हा तिचा खाजगी प्रश्न नाही, तिच्या श्रमाचा जो फायदा घेतो त्याच्यावर त्याचा भार आहे, ही भूमिका कायद्यात आली. पण शेतमजूर बाईला कारखाना नसतो, आणि आपल्या बहुसंख्य बाया शेतमजूर होत्या. ऊसतोडीच्या कोपीपुढे चिपाडांत खेळणारे मूल कोणत्या कलमात येते? बांधकामावरच्या मुलांसाठी १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी ‘मोबाईल क्रेश’ सुरू केले, पुढे ते मुंबई-पुण्यातही आले. काम चालले तेथे पाळणाघर, काम हलले की पाळणाघर हलले. अंगणवाडीचीच ही शहरातली बहीण. उसाच्या फडात अशी बहीण क्वचितच पोचली.

राहिला प्रश्न केंद्र कोठे असावे याचा. योजना वाढली तशी अंगणवाडी पुष्कळ गावांत पुन्हा गावात गेली : चावडीजवळ, देवळाच्या ओवरीत, सरपंचाच्या नात्यातल्या खोलीत. ज्या कारणाने बोर्डीची पहिली बालवाडी फसली होती त्याच कारणाने ती पुन्हा फसू लागली. सेविका वरच्या जातीची असेल तर वाड्यातल्या मुलांना खिचडी वरून वाढायची, सेविका आपली असेल तर गावातली मुले केंद्रावर पाठवायची नाहीत, हे प्रकार महाराष्ट्राबाहेरचेच आहेत असे समजून आपण स्वस्थ राहू नये. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व वस्त्यांत लवकरात लवकर अंगणवाडी असावी. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात, जेथे सहा वर्षांखालील चाळीस मुले असूनही केंद्र नाही अशा वस्तीला ते मागण्याचा हक्क मिळाला. ताराबाई स्वतःच्या पायांनी १९४५ साली जेथे गेल्या होत्या, तेथे शासनाला न्यायालयाने हाताला धरून न्यावे लागले, आणि मध्ये एकोणसाठ वर्षे गेली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण प्रथमच शालेय रचनेत घेतले. निरीक्षण, खेळातून शिक्षण, मुलागणिक नोंद हे शब्द आता शासकीय पुस्तिकांत छापून आले आहेत. शब्द चांगले आहेत. त्यांच्यामागे कोसबाडची टेकडी आहे हे पुस्तिकेत लिहिलेले नसते, आणि त्या टेकडीच्याही मागे वाडा आहे हे तर नसतेच. ताराबाई-अनुताईंनी मुलांविषयी पुष्कळ लिहून ठेवले, म्हणून त्यांचा इतिहास आज लिहिता येतो. ज्या सेविकांनी गेल्या पन्नास वर्षांत वाड्या-पाड्यांवर मुले पाहिली त्यांचे पाहणे मासिक अहवालाच्या आकड्यांत विरून गेले. गेल्या दोन वर्षांपासून मी माझ्या विद्यार्थिनींना त्यांच्या गावच्या निवृत्त सेविकांकडे पाठवतो आहे, एक प्रश्न देऊन : तुम्हाला कोणते मूल आठवते, आणि त्याने काय केले? आहार किती वाटला हे विचारायचे नाही. सुरुवातीला त्या आहाराचेच सांगतात. कोणी तपासणीला आले आहे असे त्यांना वाटते. मग हळूहळू मूल निघते. एका बाईने सांगितलेली मुलगी वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. बाईने पाहिले की ती रोज मोठ्या मुलांचे चपला-जोडे दाराशी ओळीने लावते, लहान आधी, मोठे नंतर. बाईने दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुढे बाटल्यांची झाकणे ठेवली, मग काड्या, मग पाट्यांचे तुकडे. आणि एके दिवशी ती मुलगी म्हणाली, ‘ह्यो बारका हाय.’ त्या महिन्याच्या नोंदवहीत त्या मुलीचे वजन तेवढे लिहिलेले आहे.